निरंक

अशोक चौकात टॉवेलच्या दुकानावर आमचं ऑफिस.
पडद्यावर अख्खं सोलापूर पसरलेलं.
घंटागाडी दारावरून गेली, पोरानं कोड स्कॅन केला
की घर हिरवं.
नाही केला तर लाल.
अकरा वाजेपर्यंत शहर उलटं पिकत जातं,
लालाकडून हिरव्याकडे,
मग आम्ही चहा मागवतो.

एकच ठिपका ऐकत नव्हता.
विडी घरकुल, ग गट, एकशे बारा.
एकोणचाळीस दिवस लाल.
साहेब म्हणाले, जाऊन बघ, असहकार दिसतोय.

मे महिना. दहालाच डांबर चप्पल धरून ठेवत होतं.
दारात नरसव्वा येमूल, मांडीवर सूप,
सुपात पानं, तंबाखू, कात्री.
बोलताना हात थांबला नाही.
कचरा का देत नाही, मावशी?
एमी लेदु, तल्ली.
काहीच निघत नाही गं.
असता तर दिला असता, मला काय पुरून ठेवायचाय?

मग तिनं घर दाखवलं, मी न विचारता.
पानांच्या कातरणीवर आंघोळीचं पाणी तापतं.
त्याच राखेनं भांडी.
देठं, सालं शेजारच्या उस्मानच्या शेळीला.
तांदळाचं धुवण कढीपत्त्याला,
नळ काय, पाच दिवसांनी येतो.
पोरगा मागावरून सुताचे गुंते आणतो,
ती रात्री सोडवत बसते:
सुटले तर वाती,
नाही सुटले तर उशीत.
आणि दोरीवर, चिमटा लावून,
तेलाची रिकामी पिशवी धुऊन वाळत घातलेली,
घरच्या माणसाच्या सदऱ्यासारखी.

मी फोन काढला. यादी उघडली.
ओला. सुका. घातक. देण्यास नकार.
यादी मीच लिहिलेली,
वीज गेलेल्या एका दुपारी,
लॅपटॉपमध्ये अकरा टक्के उरलेले असताना.
चार पुरे, वाटलं होतं.
आमच्या घरून रोज दोन पिशव्या निघतात,
पाचवं काही सुचणार कुठून?

मुकादम रेवणसिद्ध हसला.
टपाच्या फटीतून एक वही काढली, कडा कुरतडलेली.
एकशे बारापुढे, वर्षानुवर्षं,
निळ्या शाईत, कधी घाईत, कधी वळणदार,
एकच शब्द:
निरंक.
बाकीच्या नऊ वह्या तुम्ही रद्दीत घातल्या मॅडम,
तो म्हणाला. सुका म्हणून.

मी वर लिहिलं: पाचवा पर्याय हवा.
उत्तर आलं: पुढच्या आवृत्तीत बघू.
आणि हे बघ, बिल किलोवर निघतं,
शून्य किलोचं काय मागायचं?

स्कॅन करणारा पोरगा श्रीशैल.
एका लाल ठिपक्यामागे ठेकेदार त्याचे पाच रुपये कापतो.
हे मी नरसव्वाला सांगायला नको होतं.
सांगितलं.

दुसऱ्या दिवशी एकशे बारा हिरवं.
ऑफिसात कुणीतरी टाळ्यासुद्धा वाजवल्या.
श्रीशैलनं पाठवलेल्या फोटोत
त्याच्या तळहातावर सुताचा एक गुंता,
नीट पाहिलं तर
सुटण्यासारखा.
सुका. दहा ग्रॅम.

आता रोज काहीतरी येतं तिच्याकडून.
वातीएवढं. बोटाएवढं.
महिन्याच्या आलेखात तिची रेघ चढती आहे,
साहेबांनी ती पाहुण्यांना दाखवली.
काल तीस ग्रॅम झालं.
मी फोटो मोठा करून पाहिला:
तेलाची पिशवी होती,
धुतलेली,
चारपदरी घडी घातलेली.